टेप न लावणारे मास्तर

मास्तरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अंगावर पूर्ण कपडे घालून त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो, आणि दुसऱ्याच क्षणाला माझी खात्री पटली की अंगावर काहीच नाही. त्यांची नजर माझ्या मानेवर बसली, तिथून खांद्यावर घसरली, पोटापाशी अंमळ थबकली, सहानुभूतीने पुढे निघाली आणि घोट्यापाशी उतरली. एक्स-रे काढणारासुद्धा माणसाला "श्वास रोखून धरा" म्हणण्याचं सौजन्य दाखवतो. मास्तरांनी तेवढंही दाखवलं नाही.

"पोट आत ओढू नका," ते म्हणाले. "मला कळतं."

मी पोट सोडलं. समोरच्या टेबलावरचा कागद हलल्याचा मला भास झाला.

"उजवा खांदा खाली आहे, पिशवी त्याच हातात धरता. डावा पाय अर्ध्या बोटाने लांब. कंबर लग्नानंतर वाढली आणि आता मध्येच उतरलीय. आजारी होता, की बायको माहेरी गेलीय?"

"माहेरी," मी म्हणालो. आमच्या घरची ही बातमी तोवर शेजाऱ्यांनाही नव्हती.

"आल्यावर परत वाढेल. त्या हिशेबाने शिवतो."

"आणि माप?"

"झालं."

पुढच्या आठवड्यात कोट मिळाला, तो असा बसला की वाटलं, हा जन्मतःच आपल्यासोबत यायला हवा होता, गडबडीत दवाखान्यात राहून गेला. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाकडे रुमालसुद्धा शिवला नाही.

मास्तरांच्या गळ्यात टेप कायम असायची, पण ती डॉक्टरच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपसारखी. त्यावरचे आकडे त्यांनी कधी वाचले असतील असं वाटत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की ते मान वर करून एकदा बघत, हातातल्या खडूने कापडावर रेघा मारत आणि कात्री चालवत. त्यांचं राज्य कापड कापून शिवेपर्यंत. ते कापड अंगावर चढलं की पुढचं राज्य वहिनींचं. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या दारापाशी खुर्ची टाकून बसत, काजं-बटणं करत, खालची कड दुमडून हेम घालत, आणि बायका ट्रायलला आल्या की प्लायवूडच्या दाराआड त्यांच्यासोबत आत जात. शहरातल्या निम्म्या बायकांच्या पाठीवरची चेन वहिनींनी आयुष्यात एकदा तरी वर ओढली होती.

दोघांचं बोलणं ऐकत बसावं.

"अहो, बँकेतल्या बाईंना बुधवारी द्यायचाय ड्रेस."

"कोणता बुधवार सांगितलास?"

"मी नाही, तुम्ही सांगितलात."

"मी सांगितला ना? मग येणारा नसेल. आरामात घे."

वहिनींना या माणसाचा अभिमान होता आणि तो त्या कामात मिसळून, सुईत दोरा ओवता ओवता बाहेर काढत. "आमची ओळख झाली ना भाऊजी, त्या दिवशी यांनी मला लांबून एकदाच बघितलं. आठवड्याने ड्रेस शिवून आणला. मुंढ्यात, बाही जोडतात तिथेसुद्धा बरोबर! मी म्हटलं, एवढं बघणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. अजूनपर्यंत मला टेप लावलेली नाही हो यांनी."

"लावली असती तर घाबरून पळाली असती," मास्तर मशीनवरून म्हणत.

"आकडा बघून तुम्ही पळाला असता."

असं चाललं होतं. मग मास्तरांच्या हातात फोन आला. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, त्याने आपला जुना, मोठ्या पडद्याचा फोन पाठवून दिला. मास्तर नाखूश होते, पण एका गिऱ्हाइकाने फोनवर नव्या फॅशनचा एक गळा दाखवला आणि मास्तर खुलले. गळे बघायला फोन हवाच म्हणाले. दुपारी जेवणानंतर दुकान तासभर बंद असायचं, वहिनी घरी जाऊन पडायच्या. मास्तर ट्रायल रूममध्ये स्टूल टाकून, आतून कडी लावून गळे बघायचे.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी त्यांनीच सांगितलं. सुरुवात खरोखर गळ्यांपासून झाली. मग ते गळे घालून चालणाऱ्या मुली आल्या. फोन हा भलताच समजूतदार दुकानदार असतो. गिऱ्हाईक एका कपाटापाशी जरा रेंगाळलं की न सांगता पुढचं कपाट उघडतो. होता होता गळे मागे पडले, मग कापड मागे पडलं, आणि ज्यांच्या अंगावर शिंप्याने हात चालवावा असं काहीच शिल्लक नाही, अशा बायका मास्तर दुपारची विश्रांती म्हणून बघू लागले. सगळं जग ज्याला पॉर्न म्हणतं त्याला मास्तर शेवटपर्यंत "ते गळ्यांचं" म्हणत राहिले.

कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. कळवलं ते कपड्यांनी.

पहिल्यांदा बँकेतल्या कॅशियरबाई चिडल्या. "मास्तर, हा ड्रेस मी घालायचाय की दुकानाच्या काचेतल्या पुतळीने?" कंबर आवळलेली, छाती ढगळ. मास्तर म्हणाले, कापड आटलं असेल. कापड फक्त कमरेत आटतं आणि छातीत फुगतं, हे शास्त्र बाईंना मान्य नव्हतं. मग शाळेतल्या बाईंचा ड्रेस तसाच झाला. मग आणखी एकीचा. वहिनी शिवणी उसवत, आतलं जादा कापड सोडत आणि पुन्हा शिवून देत. मास्तर शिवणीत पूर्वीपासून बोटभर कापड जादा सोडायचे, म्हणून अब्रू वाचत होती.

मास्तर चिडचिडे झाले. मशीनच्या पट्ट्याला शिव्या, दोऱ्याला शिव्या, गिऱ्हाइकाने "झालं का?" विचारलं की कात्री आपटायची. दुपार जवळ आली की घड्याळाकडे बघणं सुरू, दुपार उलटली की तोंड सुतकी. वहिनींशी बोलणं कामापुरतं उरलं.

"अहो, हा रंग मला कसा दिसतो?"

"बरा," मास्तर म्हणाले. कापडाकडेही न बघता.

वहिनी काही क्षण ते कापड खांद्याशी धरून उभ्या राहिल्या, मग घडी करून ठेवली. मी तिथे बटण लावून घ्यायला बसलो होतो. वहिनींनी ते इतक्या घट्ट लावलं की पुढे शर्ट फाटला, बटण तसंच राहिलं.

मास्तरांनी यावर जो उपाय केला तो त्यांनाच सुचू शकतो. आपली नजर बिघडली, असं त्यांचंही मत झालं, आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मास्तरांनी वरपासून खालपर्यंत धडाधड वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मास्तर म्हणाले, शक्य नाही, मला चष्मा द्या. शेवटी डॉक्टरांनी कंटाळून नावापुरता नंबर दिला. त्या चष्म्यामागून मास्तरांनी पुढचे चार ड्रेस शिवले आणि चारही पुतळीला झाले.

वहिनींच्या भाचीचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. वहिनींनी गडद निळं कापड आणलं. मास्तरांनी ते कापलं, शिवलं आणि मला ज्या दिवशी पँटच्या ट्रायलला बोलावलं होतं त्याच दिवशी ते पूर्ण झालं.

त्या दिवसाबद्दल सांगताना माझी स्थिती आधी सांगायला हवी. मी ट्रायल रूममध्ये जाऊन माझी पँट खुंटीला लावली, कच्च्या टाक्यांची नवी पँट घालून बाहेर आलो आणि लाकडी ठोकळ्यावर उभा राहिलो. मास्तर खाली बसून पायाला टाचण्या लावत होते. एक पाय झाला होता, दुसरा जमिनीवर लोळत होता. तेवढ्यात ड्रेस घेऊन वहिनी आत गेल्या. थोड्या वेळाने हाक आली.

"अहो, जरा आत या."

मास्तर टाचण्या तोंडात धरून आत गेले. दार लागलं. मी ठोकळ्यावर. माझी पँट त्यांच्यासोबत आत. निघून जाणं हाच सभ्यपणा होता, पण सभ्यपणाला पँट लागते.

"चेन वर जात नाही," वहिनींचा आवाज.

"श्वास घे जरा."

"श्वास कसला घेऊ, माझ्या फासळ्या काढून खुंटीला लावल्या तरी जाणार नाही. आणि इकडे वर बघा. इथे दोन उशा राहतील."

मास्तर गप्प. तोंडात टाचण्या होत्या हे एक कारण.

"हे कोणाचं माप आहे?"

"तुझंच."

"माझं? तोंडातलं काढून बोला."

"कोणाचं नाही गं."

"कोणाचं तरी असणारच. तुमचा हात बघितल्याशिवाय कापत नाही. कोण आहे?"

"कोणी नाही."

मग वहिनींनी तपास सुरू केला, आणि असा तपास कुठल्याही पोलिसाला जमला नसता. "कॅशियरबाई नाही, त्यांची कंबर मला माहीत आहे. शाळेतल्या बाई नाहीत, त्यांना चेन लावताना मला गुडघा टेकवावा लागतो. डॉक्टरीणबाईंना खांदेच नाहीत. सगळ्यांच्या चेन मी ओढल्यात. या मापाची बाई आपल्या दुकानात कधी आलेली नाही. अहो, ही अशी कंबर घेऊन बाई जगेल कशी? कुठे असेल तर आधी तिला जेवायला घाला."

मला हसू फुटलं आणि पोटरीत टाचणी घुसली. न्याय झाला.

मग मास्तरांचा आवाज आला, आणि त्यात निर्दोष सुटलेल्या आरोपीचा आनंद होता. "कोणी बाई नाही गं, खरंच. तू समजतेस तसलं काही नाही. हे बघ. सगळं नुसतं फोनमधलं आहे."

बाहेरच्या बाईची शंका फिटली की बायकोला हायसं वाटेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी तो फोन स्वतः उघडून वहिनींच्या हातात दिला.

काही वेळाने फोन फळीवर उपडा ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणून माझ्याकडे बघत नव्हता," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, मी म्हातारी दिसायला लागले. मी कितीतरी दिवस रात्रीचं जेवत नाही, अहो. बारीक होईन म्हणून. झालेय पण. तुम्हाला दिसलं?"

ज्या माणसाने माझ्या कमरेवरून माझी बायको माहेरी गेल्याचं ओळखलं होतं, त्याला हे दिसलं नव्हतं.

"बाई असती तर तिच्या दारात जाऊन भांडले असते. हिच्याशी काय भांडू?"

वहिनी स्वतःच्या कपड्यांत बाहेर आल्या. मी ठोकळ्यावर एका पायाने मोठा आणि एका पायाने लहान असा उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमची पँट आत आहे. घेऊन या."

जुना ड्रेस घालून त्या भाचीच्या लग्नाला गेल्या आणि बहिणीकडेच राहिल्या. बहिणीचं गाव बसने दोन तासांवर. लोकांना सांगितलं, मुलगी सासरी गेल्याने ताईला एकटं वाटतं. लोकांना ते पटलं, कारण लोकांना त्यापेक्षा आपल्या उसवलेल्या कपड्यांची काळजी जास्त होती.

फोन तरी आता सुटेल असं मला वाटलं होतं. उलट वाढला. आता दुपारचीही गरज उरली नाही. मी एकदा गेलो तर भर सकाळी शटर अर्धं खाली होतं.

"आवडतं म्हणून बघता?" मी विचारलं.

मास्तर खडू बोटात फिरवत होते. "आवडायचं कधीच संपलं. बघून झालं की मेल्यासारखं वाटतं. तसं वाटू नये म्हणून परत बघतो. काल कॅशियरबाई समोर उभ्या होत्या, मला त्यांचं तोंड आठवत नाही. खांदे आठवत नाहीत. नुसतं धुरकट." मग म्हणाले, "क्षय झाला असता तर लोक फळं घेऊन बघायला तरी आले असते. हे कोणाला सांगू?"

मी त्यांना एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेलो. आधी ते तयार नव्हते. "मी काय वेडा आहे?"

"मास्तर, तुम्ही मला दिलेल्या पँटचा एक पाय अजून लोळतोय. मी विचारायला आलो नाही, कारण तुमची अवस्था बघवत नाही. चला."

पहिल्या भेटीत ते खाली फरशीकडे बघत बसले. दुसऱ्या भेटीत बोलले. बाईंनी सांगितलं की सवय आहे, लागते तशी सुटते, पण अधूनमधून पाय घसरेल, तेव्हा घाबरून तिकडे पळत सुटायचं नाही, इकडे यायचं. मास्तरांनी फोन माझ्याकडे ठेवायला दिला आणि चौथ्या दिवशी, मशीनची खालच्या दोऱ्याची बॉबिन कशी बसवतात त्याचा व्हिडिओ बघायचाय म्हणून मागायला आले. गेली तीस वर्षं ते बॉबिन बसवत होते. मी चहा पाजून परत पाठवलं. पुढे असं बरेचदा झालं. एकदा ते जिंकले आणि फोन घेऊन गेले, आठवड्याने चेहरा पाडून आपणहून आणून दिला. आमच्या घरात त्या काळात चहापत्ती फार लागली.

एके दिवशी समुपदेशक बाईंकडून बाहेर पडताना ते जिन्यात थांबले.

"बाईंचा डावा खांदा उतरता आहे," ते म्हणाले. "कोणी सांगत नाही का त्यांना? ड्रेस सारखा घसरतो."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण त्यांनी लगेच माझं पोट मोजलं असतं. पण त्या दिवसापासून नजर परत येऊ लागली. फळवाला एका कुशीवर झोपतो, हे त्यांनी त्याच्या कॉलरवरून सांगितलं. कॅशियरबाईंचा नवा ड्रेस बरोबर झाला आणि त्यांनी आरशासमोर तीन गिरक्या घेतल्या. चष्मा मास्तरांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

मग त्यांनी वहिनींसाठी तोच गडद निळा रंग शोधून आणला. समोर वहिनी नव्हत्या, पण त्यांना गरज वाटली नाही. "तिचं माप मला झोपेतही येतं," म्हणाले. काजं आणि हेम स्वतः केलं. ड्रेस असा झाला की मांडीवर घेतला तरी माणूस असल्यासारखा वाटायचा. तो पोचवायला त्यांनी मला पाठवलं. स्वतः यायची हिंमत नव्हती.

वहिनी दारात आल्या आणि मी क्षणभर ओळखलं नाही. गाल भरले होते. एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तयार माल तपासायचं काम त्यांनी धरलं होतं आणि ताई त्यांना दोन्ही वेळ समोर बसवून वाढत होत्या. ड्रेस त्यांनी हातात घेतला. हात फिरवला, हेम उलटून बघितलं. "टाके मोठे पडलेत," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा पाठीवर चेन अर्ध्यावर थांबलेली होती आणि त्या हसत होत्या. मागून ताई म्हणाल्या, "माझ्या हातचं खाल्लंय तिने, असल्या चिंचोळ्या पोशाखात मावते होय!"

"भाऊजी, हे माप बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "पण ते मागचं आहे. तेव्हा शिवला असता तर अंगावर चपखल बसला असता." मग हसू ओसरलं. "त्यांना सांगा, माणूस समोर असताना बघायचं असतं. मी काय आठवणीतली बाई आहे?"

मी निरोप शब्दशः दिला. मास्तर बराच वेळ मशीनचं चाक हाताने मागेपुढे फिरवत बसले. मग म्हणाले, "रविवारी तिला सुट्टी असेल. जाऊ या."

रविवारी ताईंच्या बाहेरच्या खोलीत मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. ती इतकी वर्षं मानेला वळून बसली होती की सरळ व्हायलाच तयार नव्हती. ताई शेंगा सोलत बसल्या होत्या, उठल्या नाहीत. मी दारापाशी होतो.

"हात वर करा," मास्तर म्हणाले. नव्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

वहिनींनी हात वर केले. मास्तरांनी खांदा मोजला, मुंढा मोजला, कंबर मोजली. टेप धरायची सवय नव्हती, दोनदा हातातून सुटली. प्रत्येक मापानंतर ते मान वर करून वहिनींच्या तोंडाकडे बघत आणि मग आकडा मोठ्याने म्हणत. आकडे मी एका पाकिटाच्या मागे लिहून घेतले. कमरेचा आकडा आला तेव्हा ताई खोकल्या.

"एवढी?" मास्तर म्हणाले.

"एवढी," वहिनी म्हणाल्या. "सैलच ठेवा. चढतीच आहे."

मास्तर हसले. वहिनीही हसल्या, आणि मला वाटलं, आता ही बाई पिशवी भरून आपल्यासोबत बसमध्ये बसणार. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला आणि बस किती वाजता आहे ते सांगितलं.

निघताना मास्तर पायरीवर थांबले. "दुकानात काजं पडून आहेत."

"करा हळूहळू," वहिनी म्हणाल्या. "जमतील."

ड्रेस नीट बसल्याचं ताईंनी फोन करून कळवलं. वहिनी परत आल्या नाहीत. मास्तर आता टेपने माप घेतात, काजं स्वतः करतात आणि बुधवारचे कपडे शुक्रवारी देतात.